आतली कड

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो. हलकीच, बुटाच्या टोकाने. त्यातून त्याला नेमकं काय कळतं हे कोणी सांगू शकत नाही, पण ती लाथ बसल्याशिवाय व्यवहाराची बोलणी पुढे सरकत नाहीत. बैलबाजारात जबडा उघडून दात बघतात त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की दात बघून बैलाचं वय खरोखर कळतं. टायरचंही वय कळतं, पण त्यासाठी लाथ उपयोगाची नाही, उकिडवं बसावं लागतं. टायरच्या अंगावर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असं लिहिलेलं असलं तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात कारखान्यातून निघाला. गाडी विकणारा आपण तिसरे मालक आहोत हे लपवेल, मधला एजंट मीटर मागे फिरवेल, टायर मात्र आपलं वय आठवड्यासकट सांगून मोकळा होतो. अडचण एकच. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच अंगावर असतात, आणि टायर बसवणाऱ्याच्या मनात येईल ती बाजू बाहेर येते. आकडे आतल्या बाजूला गेले असतील तर ते वाचायला गाडीखाली आडवं व्हायला हवं, आणि गाडी बघायला आलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यांत आलेला असतो.

टायरच्या बाबतीत कामाचं सगळं आतल्या बाजूलाच घडतं, असं माझं हळूहळू मत होत चाललं आहे.

बाहेरच्या बाजूचे लाड आपण पुष्कळ करतो. सकाळी गाडी पुसायला येणारा मुलगा अधूनमधून टायरला काळं पॉलिश मारतो. त्या दिवशी टायर गाडीपेक्षा नवे दिसतात. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांना हळदकुंकू. नवी गाडी असेल तर चाकांखाली लिंबं. शोरूममधून निघालेली गाडी पहिल्या फुटभरातच ती लिंबं चिरडते आणि तिचा रस्त्याशी पहिला परिचय आंबट होतो. पुढे चार-पाच वर्षं त्या चाकांकडे कोणी वाकून बघत नाही. गाडीचा आरसा कोणाच्या हँडलने खरवडला तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, सीसीटीव्ही तपासले जातात. टायर रोज खरवडला जातो, त्याचा फोटो कोण काढणार?

खरं म्हणजे गाडीचा रस्त्याशी जो काही संबंध येतो तो एवढाच. हजार-अकराशे किलोची गाडी, आत पाच माणसं, डिकीत रत्नागिरीहून आणलेल्या आंब्याच्या पेट्या, वरून ‘एवढा फणस पण न्या’ म्हणून मावशींनी कोंबलेला फणस. हे सगळं जमिनीला टेकतं ते चार तळहातांएवढ्या जागेवर. वळणं घेणं, ब्रेक लागणं, पावसात न घसरणं, ही सगळी कामं त्या चार तळहातांची. आपण मात्र गाडी घेताना सनरूफ आहे का ते विचारतो.

आमची गाडी साठच्या पुढे गेली की गुणगुणायला लागली. रस्ता खडबडीत आहे असं वाटायचं, पण नवं डांबर लागलं तरी तिचा सूर बदलेना. सातारा रस्त्याला एक टायरचं दुकान आहे. दुकानदार पस्तिशीचा, बोलणं कमी, हात काळे. त्याने गाडी सुरूसुद्धा करायला लावली नाही. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगितलं आणि पुढच्या चाकाशी बसला.

‘‘काका, या इकडं. खाली बसा.’’

या वयात खाली बसायला सांगणारा माणूस मला सहसा आवडत नाही. पण बसलो.

‘‘आतनं गेलंय बघा.’’

बाहेरच्या अंगाला टायर छान होता. खाचा खोल, ठोकळ्यांच्या कडा शाबूत. जसजशी नजर आत जाईल तसतशा खाचा उथळ होत गेलेल्या, आणि अगदी आतल्या कडेला, चार बोटं रुंदीचा पट्टा, टायर गोटा झालेला. गुळगुळीत. एका ठिकाणी तर रबर संपून आतल्या तारेचं बारीक टोक बाहेर डोकावत होतं.

‘‘बाहेरनं बघितला तर अजून वीस हजार चालंल,’’ तो म्हणाला. ‘‘आतनं कवाच संपलाय.’’

मग त्याने माझा हात धरून टायरवर आडवा फिरवला. एका दिशेने फिरवला तर मऊ लागलं. उलट दिशेने आणला तर प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडली, रेशनकार्डाच्या खिडकीवर अडतो तितक्या ठामपणे.

‘‘हे टोचतंय ना, त्याला टो म्हणतात.’’

कोटी त्याने केली की ती आपोआप झाली, कळलं नाही; चेहरा होता तसाच होता.

टो म्हणजे काय ते त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवलं. गाडीची पुढची दोन चाकं वरून बघितली तर एकमेकांना जवळजवळ समांतर असावीत. त्यांची तोंडं एकमेकांकडे जास्त वळली किंवा एकमेकांपासून फिरली, की प्रत्येक चाकाला जायचं असतं एकीकडे आणि गाडी नेते दुसरीकडे. चाक फिरतं ते फिरतंच, शिवाय थोडं आडवं घासत जातं. किती थोडं? घरी येऊन मी हिशेब केला. चाक नुसतं पाव अंशाने तिरकं असेल, म्हणजे डोळ्याला मुळीच दिसणार नाही इतकं, तरी दर किलोमीटरला ते चार मीटरांहून जास्त आडवं घासलं जातं. पुण्याहून कोल्हापूर दोनशे तीस किलोमीटर धरलं, तर तांबडा रस्सा समोर येईपर्यंत ते चाक एक किलोमीटर आडवं चालून आलेलं असतं. आणि आपण म्हणतो, रस्ता फार छान झालाय, बसल्या बसल्या पोचलो.

चाकांची तोंडं अशी एकमेकांपासून फिरलेली असली की मार आतल्या कडेला बसतो. त्यात गाडीच्या चाकांचे माथे किंचित आत कललेले असले, म्हणजे त्यांच्या भाषेत कॅम्बर आत असला, की आतली कड आणखी पुढे होऊन मार खाते. लोअर आर्मचे बुश झिजले, टाय रॉड एंडमध्ये ढिलाई आली की हे कोन आपोआप बिघडतात. आणि ते बिघडवण्याची सोय आपल्याकडे दर पावसाळ्यात सार्वजनिक खर्चाने केली जाते. खड्डा पाण्याने भरला की तो खड्डा दिसत नाही, डबकं दिसतं. डबक्याची खोली चाकाला कळते. खड्ड्याइतकीच मला साइडपट्टी जबाबदार वाटते. गावाकडच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की कोणी बाजू द्यायची हा प्रश्न नसतो. आपली डावी चाकं खाली उतरतात, डांबराच्या कडेवरून वीतभर दचकतात, एसटी गेली की पुन्हा वर चढतात. एसटीला याची कल्पना नसते. डाव्या चाकाला असते.

त्या दुकानदाराकडे पुन्हा दोन-तीनदा जाणं झालं, त्यात मला एक छंद लागला. तो दुसऱ्यांचे टायर बघून गाडीवाल्याबद्दल काय बोलतो ते ऐकत बसायचं. टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त; पंपावर ‘किती भरू?’ म्हटलं की ‘मार चाळीस’ म्हणणारा माणूस. दोन्ही कडा गेल्या आणि मध्ये उंच राहिला, तर हवा कमी. हा माणूस पंपावर हवेच्या रांगेत कधी थांबलेलाच नाही. टायरभर ठिकठिकाणी वाट्या पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप गेले, चाक रस्त्यावर टिपऱ्या खेळतंय. एकदा एक पिकअप आली. पुढच्या दोन्ही टायरांचे बाहेरचे खांदे साफ झालेले. दुकानदार टायरशीच बोलल्यासारखा म्हणाला, ‘‘रोजचा घाट दिसतोय. अन् उतरताना घाई.’’ पिकअपवाला वाईहून पाचगणीला भाजी पोचवणारा निघाला. पसरणीचा घाट, रोज दोनदा. त्याला हे ऐकून आनंद झाला नाही. ‘‘तुम्हाला कोणी सांगितलं?’’ असं त्याने दोनदा विचारलं.

माझ्या टायरवरून त्याने काय ओळखलं ते मी विचारलं नाही. घरी मात्र त्याची चर्चा झालीच. आमच्याकडे गाडी दोघं चालवतो. बायकोचं म्हणणं, मी गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग करकचून फिरवतो, त्याने टायर घासतात. माझं म्हणणं, ती पार्किंगमध्ये शिरताना डावं चाक पेव्हर ब्लॉकच्या काठावर चढवते, त्याने अलाइनमेंट जातं. दोन्ही विधानं शास्त्राला धरून आहेत. टायरने मात्र कोणाचंच नाव घेतलं नाही. चारचौघांत त्याचं हे मौन मला आवडलं.

आता कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. दुचाकीला ०.८ चालते. खाचेच्या तळाशी जागोजागी छोटे आडवे बांध ठेवलेले असतात. टायर झिजत झिजत त्या बांधांच्या बरोबरीला आला की संपला. नव्या मोटारीच्या टायरची खाच आठेक मिलिमीटर खोल असते. म्हणजे आपण टायर म्हणून जे विकत घेतो ते हिशेबाने साडेसहा मिलिमीटर रबर. टायर साडेपाच हजारांना पडला तर मिलिमीटरला साडेआठशे रुपये. एरवी चहाच्या बिलात दोन रुपये जास्त लागले तर आपण गल्ल्यापर्यंत जातो. इथे बाहेरच्या अंगाला तीन-चार मिलिमीटर शाबूत असलेला टायर केवळ आतली चार बोटं गेली म्हणून टाकून द्यावा लागतो. कारण टायरचं वय सरासरीने मोजत नाहीत. जिथे सगळ्यात जास्त झिजला तिथे तो जेवढा उरला, तेवढाच तो उरला.

खाचांचं काम पावसात असतं. कोरड्या रस्त्यावर नक्षी नसलेला टायरही उत्तम पकड घेतो. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर गुळगुळीतच असतात, आणि ही गोष्ट गोटा टायर फिरवणाऱ्या माणसांना कोणी न सांगितलेलीच बरी. पण रस्त्यावर पाण्याचा थर असला आणि ते पाणी खाचांतून बाजूला निघून गेलं नाही, तर टायर पाण्यावर चढतो. त्या घटकेला स्टेअरिंग हातात असतं, गाडी नसते. कशेडीला किंवा आंबोलीला जुलैत हे व्हायला फार वेग लागत नाही.

उन्हाळ्यात वेगळी तऱ्हा. टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजू दर फेऱ्याला दबतात आणि सुटतात, आणि त्या घड्यांनी तो आतून तापत जातो. गल्लीत याने काही बिघडत नाही. समृद्धी महामार्गावर बिघडतं. सातशे एक किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मुभा, विदर्भातलं ऊन. मेहकरच्या आसपास दुपारी दोन वाजता टायर फुटला की काय होतं त्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या रस्त्यावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा टायरवाल्यांना तिथूनच माघारी धाडलं. महाराष्ट्रात चालकाचा परवाना बघतात, पीयूसी बघतात, काच काळी आहे का बघतात. गाडीच्या पायांकडे सरकारने वाकून बघण्याचा हा प्रसंग मला तरी ऐतिहासिक वाटतो. परत पाठवलेल्यांतल्या काहींनी वाद घातला म्हणे. बाहेरून टायर चांगले आहेत, असाच असणार.

टायर झिजावेत म्हणून झटलेली माणसंही होऊन गेली आहेत. फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ गावचे आंद्रे आणि एदुआर मिशलाँ हे दोघे भाऊ टायर करायचे. १९०० साली अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी होत्या जेमतेम तीन हजार. एवढ्यावर कारखाना कसा चालायचा? लोकांनी गाडी बाहेर काढली पाहिजे, लांब गेलं पाहिजे, म्हणजे टायर झिजतील. म्हणून त्यांनी एक पुस्तिका काढली आणि फुकट वाटली. टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळतं, दुरुस्ती कुठे होते, आणि रात्री उतरायचं कुठे. पुढे त्यात चांगल्या खाणावळी आल्या, १९२६ पासून खाणावळींना तारे आले. आज जगातले मोठमोठे आचारी ज्या ताऱ्यासाठी रात्रीचा दिवस करतात तो मुळात टायर घासवण्यासाठी निघालेला आहे. मला या भावांचं कौतुक वाटतं. आपल्याकडे त्यांची गरजच पडली नसती. पिठलं-भाकरीसाठी सिंहगड चढणारे, मिसळ कुठली खरी हे ठरवायला पहाटे उठून कोल्हापूर गाठणारे आणि मस्तानी प्यायला पिंपरीहून सदाशिव पेठेत येणारे लोक इथे पुस्तिकेशिवाय तयार आहेत. त्याच कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा का, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. तो १८९८ चा. तेव्हा टायर काळे नसायचेच. रबराचा मूळ रंग फिकट. रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी चिवट होतं आणि सावकाश झिजतं, हे नंतर लक्षात आलं, आणि जगातले सगळे टायर काळे झाले. तेवढा तो माणूस जुन्या रंगात राहिला.

तर आमच्या टायरांचा प्रश्न: दोन बदलायचे की चारही?

हा प्रश्न टायरच्या दुकानात उभं राहून सुटत नाही. पुढचे दोन गेलेले, मागचे दोन बरे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनचं जोर लावणं पुढच्या चाकांना, वळणं पुढच्या चाकांना, ब्रेकचा मोठा भारही पुढच्या चाकांना. मागची चाकं लग्नाच्या वऱ्हाडात असतात तशी नुसती मागून येतात. तेव्हा पुढची आधी झिजणार हे ठरलेलंच. मी दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, ‘‘तुमचे पैसे, तुमची गाडी. माझी असती तर दोनच टाकली असती.’’ धंदेवाईक माणसाने असं उत्तर दिलं की आपण उगाच चारांकडे झुकतो. बायकोला फोन लावला.

‘‘चारही टाक.’’

‘‘मागची चांगली आहेत.’’

‘‘अरे, मग पुन्हा सहा महिन्यांनी तिथेच जाऊन बसशील. तुला तिथे बसायला आवडतं.’’

यात तथ्य होतं. तरी दोनच घ्यायचं ठरलं, आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: नवी दोन पुढे लावायची की मागे? टायर कंपन्या सांगतात, मागे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. पाय उचलला की बहुधा सावरते. मागची घसरली तर शेपूट फिरतं, आणि फिरलेलं शेपूट आवरणं माझ्या-तुमच्यासारख्याचं काम नाही. म्हणून जास्त पकड मागे हवी. हे मी वाचलेलं होतं, ते मी तिथे मांडलं. दुकानात तेव्हा एक रिक्षावाला, एक मळीच्या टँकरचा ड्रायव्हर आणि पंक्चर काढायला आलेला कॉलेजचा मुलगा होता. तिघांनीही एकमताने माझ्याकडे दयेने बघितलं.

‘‘काका, इंजिन कुठाय?’’ रिक्षावाल्याने विचारलं.

‘‘पुढे.’’

‘‘मग?’’

या ‘मग’ला कुठल्याही टायर कंपनीकडे उत्तर नाही. तरी मी नवी मागेच लावायला सांगितली. दुकानदाराने मान हलवली. हे बरोबर आहे असं त्याला आधीपासून माहीत होतं, पण गिऱ्हाइकाशी यावर भांडणं त्याने कधीच सोडून दिलेलं असावं. टँकरवाला जाताना म्हणाला, ‘‘काकांचं काहीतरी शिकल्यालं दिसतंय.’’

नवा टायर मला बघायला आवडतो. त्याच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. साच्यातली हवा निघून जायला भोकं ठेवलेली असतात, त्यांत रबर शिरून झालेले. ते असेपर्यंत टायर नवा, अशी पोरांची समजूत असते आणि ती उपटायची त्यांना घाई असते. एखाद्या टायरवर पिवळा ठिपका असतो. तिथे टायर सगळ्यात हलका, म्हणून तो हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या शेजारी आणायचा. अंगावरचा मजकूर तर वाचण्यासारखा: १८५/६५ आर १५ ८८ एच. एकशे पंच्याऐंशी ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. पासष्ट ही उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. पंधरा हा रिम, तो इंचात. एका ओळीत तीन मापं आणि तिघांचं आपसांत काही बोलणं नाही. अठ्ठ्याऐंशी म्हणजे हा टायर ५६० किलो पेलू शकतो, आणि एच म्हणजे तो ताशी २१० किलोमीटरने धावू शकतो. एवढी लायकी अंगावर कोरून तो पुण्यात येतो आणि संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलाशी पहिल्या गिअरमध्ये उभा राहतो. किमतीचं म्हणाल तर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळे बिल बघून मी नेहमीपेक्षा कमी दचकलो.

टायर चढवून झाल्यावर वजनं लावली, मग गाडी अलाइनमेंटला खड्ड्यावर घेतली. हा भाग मात्र उभं राहून बघावा. चारही चाकांना एकेक पट्टी अडकवतात, समोर पडद्यावर चार कोपऱ्यांत आकडे येतात, जे चुकलेले ते लाल. खाली खड्ड्यात एक मुलगा पाना घेऊन टाय रॉडचा नट सैल करतो, वरून दुकानदार ओरडतो, ‘‘अजून. अजून. थांब. थोडं मागं. मागं म्हटलं ना!’’ अंशाचे शंभरावे भाग खालच्या मुलाच्या मनगटात असतात. लाल आकडा नाचतो, हिरवा होतो, नट आवळताना पुन्हा लाल होतो, दुकानदार कपाळाला हात लावतो, पुन्हा पहिल्यापासून. अखेर सगळे हिरवे झाले आणि त्याचा छापील कागद मला मिळाला, आधीचे कोन आणि नंतरचे कोन. माझ्या कुठल्याही वैद्यकीय अहवालात एवढे हिरवे आकडे आलेले नाहीत. कागद मी जपून ठेवला आहे.

‘‘पाच हजाराला आणा, टायर फिरवून देतो,’’ दुकानदार म्हणाला. फिरवणं म्हणजे पुढची सरळ मागे आणि मागची फुली मारून पुढे, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. टायरवर एकाच दिशेचा बाण असेल तर फुली नाही, फक्त पुढे-मागे. या फिरवाफिरवीचा मी बराच विचार केला आहे. त्याने रबर वाचतं असं लोक समजतात. पुढचं ओझं तेवढंच राहतं, ते कोणीतरी वाहायचंच असतं. आज हा टायर वाहतो, सहा महिन्यांनी तो. झीज नुसती वाटली जाते. बरं, वाटून मिळतं काय? चारही टायर एकाच महिन्यात संपतात, आणि दोनांच्या ऐवजी चारांचं बिल एकदम येतं. तरी मला ही पद्धत आवडते. त्यातला न्याय मला पटतो. एकाने खपून जायचं आणि बाकीच्यांनी त्याची खूप झीज झाली म्हणून भाषणं करायची, यापेक्षा हे बरं. मात्र या वाटणीतून एकाला कायमची सूट असते, ती स्टेपनीला. डिकीत, गालिच्याखाली, फणसाच्याही खाली ती पडून असते. तिच्यावर एक खाच झिजलेली नसते आणि तरी ती म्हातारी होते. रबर नुसतं बसूनही सुकतं, बारीक चिरा पडतात. हल्ली पुष्कळ गाड्यांत ती आकाराने लहान देतात आणि तिच्यावर ‘८० च्या वर नको’ अशी ताकीद छापलेली असते. वर्षानुवर्षं कामाला न लावलेल्या माणसाला एकदम रात्री अकरा वाजता खंबाटकी घाटात उभं करायचं, तेही ताकीद देऊन, हे मला बरं वाटत नाही. तिची हवा तरी बघत जावी.

जुन्या टायरांचे दुकानदार देत होता ते पैसे दोन वडापावांच्या आसपास जात होते. म्हणून मी ते डिकीत टाकून घरी आणले. जुन्या टायरचं काय करायचं याच्या कल्पना प्रत्येक मराठी घरात तयार असतात. कोकणात जेटीला टांगतात, होडी आपटू नये म्हणून. पत्र्याच्या छपरावर ठेवतात, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. शाळेच्या आवारात अर्धे पुरून रंगवतात, पोरांनी उड्या माराव्यात म्हणून. रास्ता रोकोला पेटवतात, ते का ते उघड आहे. आमच्या सोसायटीत त्यात माती भरून सदाफुली लावतात आणि मग पावसाळ्यात महापालिकेची माणसं येऊन टायरात पाणी साठलंय का, डेंग्यूच्या अळ्या झाल्यात का, ते बघून सदाफुलीला नोटीस देऊन जातात.

मी दोन्ही टायर पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवले. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे जोशीकाका फिरायला निघाले होते, ते थांबले. बँकेतून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू टाकून दिलेली त्यांना बघवत नाही. त्यांनी एका टायरला बुटाच्या टोकाने हलकी लाथ मारली.

‘‘अहो, हा तर ठणठणीत आहे. का काढलात?’’

‘‘संपलाय.’’

‘‘संपलाय? खाचा बघा की. नवाच आहे जवळजवळ. तुम्हाला नको असेल तर मी नेतो एक, माझ्या स्टेपनीला होईल.’’

मी टायर गर्रकन फिरवून त्यांच्यासमोर आतली कड धरली. गोटा पट्टा, तारेचं टोक, सगळं. काकांनी चष्मा वर केला, वाकले, अंगठा फिरवून बघितला. नीट विचार केला.

‘‘हां,’’ ते म्हणाले. ‘‘पण ही बाजू आत लावायची. कोणाला दिसतंय?’’